कळलं नाही, परत सांगा

व्याख्यान संपलं आणि ‘कुणाला काही विचारायचं असेल तर...’ असं सूत्रसंचालक म्हणाले, की पहिला हात बहुधा माझा वर जातो. माइक हातात येतो. मी आधी वक्त्यांचं अभिनंदन करतो, मग या विषयावर आपण पूर्वी काय वाचलं होतं ते सांगतो, एखाद्या पुस्तकाचं नाव घेतो आणि शेवटी आवाज जरा वर नेऊन त्या सगळ्याला प्रश्नाचा आकार देतो. वक्ते बिचारे सज्जन असतात. ‘फार चांगला मुद्दा काढलात,’ म्हणतात. मी खाली बसतो. पुढे ते काय उत्तर देतात याकडे माझं लक्ष असतं का? खरं सांगायचं तर, त्या वेळी माझे कान मागच्या रांगेकडे असतात. कुणी ‘यांचं वाचन दांडगं आहे हो’ असं म्हणालं का?

हे कबूल करणं जड जातं, कारण माझी स्वतःबद्दलची समजूत फार वेगळी आहे. मी आजन्म विद्यार्थी आहे, असं मी सेवानिवृत्तीच्या समारंभात जाहीर केलं होतं. टाळ्या पडल्या होत्या. आता वाटतं, विद्यार्थी असण्यापेक्षा ते जाहीर करण्यातच मला जास्त गोडी होती की काय?

आम्ही राहतो ते पुण्याच्या वेशीवरचं, खास ज्येष्ठांसाठी बांधलेलं संकुल आहे. लिफ्टमध्ये चाकाची खुर्ची वळेल एवढी जागा, न्हाणीघरात धरायला दांड्या, पलंगाशेजारी मदतीची घंटा, आणि तळमजल्यावर एक छानसं सभागृह. दर गुरुवारी व्याख्यान, महिन्यातून एकदा गाण्याची बैठक. जेवण आठला असतं, त्यामुळे भैरवी पावणेआठपर्यंत आटोपावी लागते. मी कार्यक्रम समितीत आहे. म्हणजे कुणाला बोलवायचं, मानधन किती द्यायचं, शाल कुणाच्या हस्ते, आभार कोण मानणार, हे ठरवणाऱ्यांत माझा शब्द चालतो.

आणि तो मी कसा चालवतो? वक्ता ठरवताना माझ्या मनात पहिला प्रश्न येतो तो असा, की हे नाव बाहेर सांगण्याजोगं आहे का? विषय इथल्या लोकांना हवा आहे का, हा प्रश्न दुसरा, आणि तो पुष्कळदा विचारायचा राहूनच जातो. कार्यक्रमाचा फलक झाला की त्याचा फोटो मी परदेशातल्या मुलाला पाठवतो. तो अंगठा पाठवतो. ‘आमच्याकडे आज अमुक आले होते’ हे वाक्य मला आठवड्यातून एकदा कुणाला तरी म्हणायचं असतं. निवृत्त माणसाकडे सांगण्यासारखं फार काही घडत नाही. मग व्याख्यात्याचं नाव हीच आपली बातमी होते. यात वाईट काय, असं मी स्वतःला विचारतो. वाईट फारसं नसेलही. पण याला ज्ञानाची ओढ म्हणायचं का?

वर्षातल्या पहिल्या कार्यक्रमाचं प्रास्ताविक माझ्याकडे असतं, आणि त्यात मी न चुकता वसंत व्याख्यानमालेचा उल्लेख करतो. १८७५ साली न्यायमूर्ती रानड्यांनी पुण्यात ती सुरू केली, दर उन्हाळ्यात ती अजून चालते, आणि आपणही त्याच परंपरेतले, असं म्हणून मी क्षणभर थांबतो. थांबायचं कुठे हेही ठरलेलं आहे. रानड्यांपुढे परक्या सत्तेखालचा एक समाज होता. त्याला जगात काय चाललंय ते कळावं, त्यानं त्यावर विचार करावा, चार लोकांत उभं राहून तो विचार बोलून दाखवावा, हे त्या खटाटोपामागे होतं. माझ्यापुढे वातानुकूलित सभागृह होतं आणि समितीची पत वाढवायची हौस होती. दीडशे वर्षांची पुण्याई मी एका वाक्यात आपल्या नावावर करून घेत होतो.

याची दुसरी बाजू अधिक वाईट आहे. ज्यांना वेगळं काही हवं असतं त्यांच्याकडे मी वरून पाहतो. आमच्या मजल्यावरच्या एक काकू मला दोन-तीनदा म्हणाल्या, ‘एकदा भावगीतांचं ठेवा की हो. आम्हाला बरोबर म्हणताही येईल.’ मी ‘बघू’ म्हणालो. मी ज्या खात्यात नोकरी केली तिथे ‘बघू’चा अर्थ काय असतो ते सगळ्यांना माहीत आहे. कराओके, तंबोला, जुन्या हिंदी गाण्यांची संध्याकाळ, असं काही निघालं की मी चेहरा गंभीर करून ‘आपल्या अभिरुचीचा स्तर’ वगैरे बोलतो. काकूंच्या वाक्यातला ‘बरोबर म्हणता येईल’ हा भाग तेव्हा माझ्या कानावरून गेला. त्यांना गाणं ऐकण्यापलीकडे गाण्यात यायचं होतं. मला सगळ्यांनी गप्प बसून ऐकायला हवं होतं. आणि माझ्यासारख्यांनी मधूनमधून ‘वा’ म्हणायला.

त्या ‘वा’बद्दलही सांगायला हवं.

तरुणपणी मी सवाई गंधर्व महोत्सवाला जात असे. भीमसेन जोशींनी १९५३ साली आपल्या गुरूंच्या स्मरणार्थ सुरू केलेला तो उत्सव तेव्हा रात्र-रात्र चालायचा. ‘आम्ही पहाटेपर्यंत बसायचो,’ हे मी आमच्या बैठकीत कितीदा सांगितलं असेल! ध्वनिक्षेपक रात्री दहाला बंद करायच्या नियमानं उत्तररात्रीचे राग मैफलीतून कसे हद्दपार झाले, दरबारी ऐकायला आता कुणाचं घर गाठावं लागतं, असा माझा विलापही ठरलेला. त्यात तथ्य आहे. पण त्या रात्रींपैकी बराच वेळ मी मंडपाबाहेर चहाच्या गाडीपाशी असायचो, आणि आत असायचो तेव्हा शालीत डुलक्या घ्यायचो, हे मी कधी सांगत नाही. गाण्याच्या आठवणी म्हणून मी ज्या मिरवतो त्यातल्या पुष्कळशा चहाच्या आहेत.

अलीकडे तर वेगळंच सुरू झालं होतं. बंदिश सुरू झाली की मी तबलजीकडे पाहत बसायचो. सम जवळ आली की त्याची मान किंचित पुढे येते, हात वर जातो. तेवढ्यावरून मला सम कळायची आणि मी नेमक्या जागी मान हलवायचो. शेजारचे लोक माझ्याकडे बघून मान हलवायचे. हे असं का करावं लागत होतं, तर मला नीट ऐकू येत नव्हतं.

वय झालं की कान सगळाच्या सगळा मंद होत नाही. आतल्या शंखाकृती भागातल्या ज्या बारीक पेशी उंच कंपनांचे आवाज टिपतात, त्या आधी थकतात. स्वर ऐकू येतात, व्यंजनं विरतात. स, श, ट, क यांची धार उंच आवाजांत असते. ती गेली की ‘ताक’, ‘ताट’ आणि ‘तास’ या तिन्हींतलं फक्त ‘ता’ उरतं. माणूस बोलतोय हे कळतं, काय बोलतोय ते कळत नाही. म्हणून आवाज मोठा करूनही फायदा होत नाही, ‘ता’ तेवढा मोठा होतो. गाण्यातही तसंच. तंबोरा ऐकू येतो, पण जवारीची ती वरची झळाळी, जिच्यामुळे तंबोरा तंबोरा वाटतो, ती पुसट होत जाते. आणि गंमत म्हणजे ती गेली आहे हे आपल्याला कळत नाही. आपल्याला वाटतं, हल्लीचे गायक तंबोरे नीट लावत नाहीत.

मला तसंच वाटत होतं. आमच्या सभागृहातली सर्वांत जुनी तक्रार कोणती, तर ‘माइक नीट नाही’. कार्यक्रम संपला की चारपाच जण साउंडवाल्या मुलाभोवती जमतात. तो बापडा एक बटण वर करतो, एक खाली करतो, ‘आता बघा आजोबा’ म्हणतो. समितीच्या बैठकीत नवा माइक घ्यायचा ठराव मी मांडला. नवा आला. मग सभागृह घुमतं असं ठरलं, पडदे लावले. मग वक्त्यांचे उच्चार स्पष्ट नसतात असं ठरलं. या सगळ्या ठरावांवर सह्या करणाऱ्यांपैकी एकानंही ‘मला ऐकू येत नाही’ असं म्हटलं नाही. मीही नाही. माझ्या कानाबद्दल मला शंका होती, आणि शंका होती म्हणूनच मी माइकवर इतका घसरत होतो.

यात एक सूक्ष्म लबाडी होती. ती समजायला मला वेळ लागला. ‘ऐकू आलं नाही’ हे माइकवर ढकलता येतं. मग ‘कळलं नाही’ हेसुद्धा हळूच त्याच खात्यात जमा करता येतं. एकदा जनुकांवरचं व्याख्यान झालं. त्यातलं मला अर्ध्याहून अधिक कळलं नव्हतं, आणि त्या दिवशी आवाज चांगला होता. बाहेर पडताना मी काय म्हणालो? ‘विषय छान होता, पण माइकनं घोळ केला.’ शेजारचे गृहस्थ लगेच ‘हो ना’ म्हणाले. त्यांनाही कळलं नसावं. दोघांचीही अब्रू माइकनं राखली.

नोकरीत असताना ‘मला कळलं नाही’ हे मी कधी म्हटल्याचं आठवत नाही. फाइल कळली नाही तर ‘चर्चा करावी’ असा शेरा मारून खाली पाठवायची. खालचा माणूस येऊन समजावून जायचा आणि मी ते आधीच माहीत असल्यासारखी मान हलवायचो. म्हणजे सम न कळता मान हलवण्याचा सराव जुनाच आहे. आता वाटतं, साठीनंतर शिकायचं म्हणजे नव्या विषयांवरची व्याख्यानं ऐकायची, अशी सोयीची व्याख्या मी केली ती यासाठीच. व्याख्यानात मला कुणी काही विचारत नाही. परीक्षा नाही, वही नाही, फळ्याकडे बोलावणं नाही. खुर्चीत बसून तासभर ज्ञानाच्या सान्निध्यात राहिलं की झालं. अज्ञान उघडं पडायची जोखीमच नाही. पण जोखीम नसेल तिथे शिकणं घडतं का?

असं विचारलं की माझंच मन उलट बाजूनं बोलू लागतं. प्रत्येकानं शिकलंच पाहिजे हा हट्ट तरी कशाला? आमच्यातले एक गृहस्थ, पंच्याऐंशी उलटलेले, प्रत्येक व्याख्यानाला पहिल्या दहा मिनिटांत झोपतात. त्यांची मान कलली की मी समितीतल्या दुसऱ्या सदस्याकडे बघून हसायचो. एकदा जेवणाच्या टेबलावर ते आपण होऊन म्हणाले, ‘खोलीत मला झोप लागत नाही हो. ही गेल्यापासून फार शांत असते खोली. इथे कुणीतरी बोलत असतं, माणसं आजूबाजूला असतात, मग डोळा लागतो.’ मला त्यावर काही बोलता आलं नाही. व्याख्यानमालेचा इतका चांगला उपयोग दुसरं कुणीच करून घेत नव्हतं. तेव्हा सभागृह फक्त शिकण्यासाठी आहे, हा माझा आग्रहसुद्धा तपासायला हवा. सोबत म्हणून येणारा माणूस निदान आपण सोबतीला आलोय हे जाणतो. मी सोबतीला, मिरवायला, संध्याकाळचे दोन रिकामे तास ढकलायला जात होतो आणि त्याला विद्या म्हणत होतो.

सभागृहात आणखी काही माणसं असतात, ती हजेरीच्या वहीत नसतात. ब्युरोकडून येणाऱ्या मावश्या. आजींना चाकाच्या खुर्चीतून आणायचं, शाल सारखी करायची, पाण्याची बाटली धरायची, आणि मागच्या भिंतीला टेकून उभं राहायचं. एकदा समितीत विषय निघाला, की मागच्या खुर्च्या रिकाम्या असल्या तरी मावश्यांनी त्यावर बसावं का? कुणी म्हणालं, नंतर सवय होते. कुणी म्हणालं, पाहुण्यांसमोर बरं दिसत नाही. मी इतिवृत्ताचा कागद वाचत असल्याचं दाखवलं. त्यांना त्यातलं काय कळणार, असं कुणी बोललं नाही, पण ते सगळ्यांच्या मनात होतं, माझ्याही. ज्या मैफलीत माझं निम्मं लक्ष तबलजीच्या मानेकडे होतं, त्या मैफलीत कुणाला काय कळतं याचा निवाडा मी मुकाट्यानं करून टाकला होता.

वयस्कांच्या शिक्षणावर वाचताना मला दोन गावांची हकीकत सापडली होती. १९७३ साली फ्रान्समधल्या तुलूझ विद्यापीठात पिएर वेलास या प्राध्यापकांनी निवृत्त लोकांसाठी विद्यापीठाची दारं उघडली. प्राध्यापक यायचे, शिकवायचे, वृद्ध ऐकायचे. ही कल्पना १९८१च्या सुमारास इंग्लंडात केंब्रिजला पोचली तेव्हा तिथले इतिहासकार पीटर लॅस्लेट आणि त्यांच्या मित्रांनी ती उलटी केली. बाहेरचे प्राध्यापक कशाला? इतकी वर्षं जगलेल्या माणसांकडे एकमेकांना शिकवण्याजोगं काहीच नाही का? म्हणून त्यांनी शिक्षक आणि विद्यार्थी हा भेदच काढून टाकला. आज जो लॅटिन शिकवतो, तो उद्या शेजारणीकडून झाडं ओळखायला शिकतो. ब्रिटनमध्ये आज असे हजाराच्या आसपास गट आहेत.

हे मी समितीत मोठ्या रंगात सांगितलं. आपणही तुलूझकडून केंब्रिजकडे गेलं पाहिजे, असं माझं शेवटचं वाक्य होतं. ठराव झाला. आणि पहिला वर्ग निघाला तो मोडी लिपीचा.

शिकवणारे गृहस्थ भूमी अभिलेख कार्यालयातून निवृत्त झालेले. जुने दस्त वाचण्यात त्यांचं आयुष्य गेलेलं. माझ्या मनात ते ‘कारकून’ या खणात होते. तोंडानं मी अर्थातच कधी तसं म्हटलं नाही. पत्त्यांच्या खोलीत आम्ही सातआठ जण मंगळवारी दुपारी बसू लागलो. त्यांनी आखीव वह्या आणल्या होत्या. मी सवयीनं देवनागरीसारखं आधी अक्षर काढलं आणि वर रेघ मारायला गेलो. ते शेजारी येऊन उभे राहिले. ‘साहेब, रेघ आधी. ओळभर. अक्षरं मग तिला लावायची.’ पुढच्या ओळीला मी पुन्हा तेच केलं. पुन्हा, ‘साहेब, रेघ.’ त्यांचा स्वर अगदी मऊ होता. ‘साहेब’ म्हणण्यात टोमणा नव्हता, जन्माची सवय होती. माझे कान तापले.

मोडीत शब्द सुटे लिहीत नाहीत. ओळ सलग चालते. एक शब्द कुठे संपला आणि दुसरा कुठे सुरू झाला हे वाचणाऱ्यानं ठरवायचं. ह्रस्व-दीर्घाचा भेद नाही. काही अक्षरं एकमेकांसारखी दिसतात. तेव्हा शब्द आधीपासून ओळखीचा असेल तर अक्षर लागतं, नसेल तर डोळे फुटले तरी लागत नाही. त्यांनी एका जुन्या जमिनीच्या कागदाची झेरॉक्स दिली. माझ्या शेजारी त्याच भावगीतवाल्या काकू बसल्या होत्या. त्यांचं शिक्षण लग्नामुळे सुटलेलं, माहेर सातारा जिल्ह्यातलं, घरात शेती. मायन्यातलं ‘राजमान्य राजश्री’ मी ओढूनताणून लावेपर्यंत त्या तिसऱ्या ओळीवर पोचल्या होत्या. जिराईत, पड, बांध, चतुःसीमा, हे शब्द त्यांनी लहानपणी ओसरीवर ऐकलेले. अक्षराचा एक कोपरा दिसला की त्या पुरा शब्द म्हणायच्या. मी मात्र एकेक अक्षर सोडवत बसायचो आणि शब्द आला तरी तो मला ओळखू यायचा नाही.

काही आठवड्यांनी मी वर्ग सोडला. कारण सांगितलं डोळ्यांचं. मोतीबिंदूची शस्त्रक्रिया झालेली होतीच, कुणी उलट विचारलं नाही. खरं कारण हे, की ज्यांची मागणी मी ‘बघू’ म्हणून बाजूला सारली त्यांच्या मागे पडणं, आणि ज्यांना मी मनात कारकून म्हणत होतो त्यांच्याकडून रेघ मारायला शिकणं, मला सोसेना. ‘प्रत्येकाकडून शिकण्यासारखं असतं’ हे वाक्य मला फार आवडतं. ते मी ज्यांच्याकडून शिकू इच्छितो त्यांच्यापुरतंच खरं धरून चाललो होतो.

घरात डोळ्यांसमोर एक उदाहरण होतं तेही मला दिसलं नाही. माझी पत्नी दुसऱ्या मजल्यावरच्या भजनी मंडळात जाते. त्या बायका दर महिन्याला एक नवा अभंग चालीसकट पाठ करतात. ओळ विसरतात, सूर लागत नाही, एकमेकींना थांबवतात, हसतात, पुन्हा म्हणतात. पाहुणे नाहीत, शाल नाही, आभारप्रदर्शन नाही. मी त्याला ‘वेळ घालवणं’ म्हणत होतो. वर्षाअखेर त्यांच्याकडे डझनभर पाठ अभंग असतात. माझ्याकडे कार्यक्रमपत्रिकांची फाइल.

महर्षी कर्व्यांचं नाव मी प्रास्ताविकात रानड्यांच्या खालोखाल घेतो. वयाची शंभरी ओलांडलेला माणूस म्हणून ते आमच्या सभागृहात फार लोकप्रिय आहेत. पण त्यांनी उतारवयात काय केलं? १९३६ साली, अठ्ठ्याहत्तरीत, खेड्यांतल्या प्राथमिक शिक्षणासाठी मंडळ काढलं. १९४४ साली, शहाऐंशीव्या वर्षी, समता संघ काढला. त्या वयात नवं काम हाती घ्यायचं म्हणजे पुन्हा लोकांच्या दारात जायचं, नकार ऐकायचे. मला त्यांचं आयुष्मान असणं घ्यायचं होतं, दारात उभं राहणं नको होतं. कर्व्यांसारखं काही करण्याची ऐपत माझ्यात नाही, हे मला मान्य आहे. पण पत्त्यांच्या खोलीपर्यंत जाण्याचीही नव्हती का?

पुढे काय झालं ते थोडक्यात सांगतो, कारण त्यात मिरवण्याजोगं काही नाही. मी कान तपासून घेतले. तपासणाऱ्या मुलीनं आलेख दाखवला. रेघ डावीकडे बरी होती, उजवीकडे उतरत उतरत पार खाली गेली होती. कानात यंत्रं आली. बोलणं सुधारलं, गाणं बिघडलं. तंबोरा थरथरत, लाटा मारत ऐकू येऊ लागला. ती यंत्रं मुळात बोलण्यासाठी बनवलेली. यंत्राची शिट्टी वाजू नये म्हणून त्यात जी सोय असते, ती तंबोऱ्याच्या अखंड सुरालाच शिट्टी समजून दाबायला जाते. पुन्हा जाऊन सांगितल्यावर तिनं संगीतासाठी वेगळी सेटिंग घालून दिली. ‘आधी का नाही बोललात?’ असं तिनं सहज विचारलं. मी म्हणालो, वाटलं सवयीनं होईल. खरं म्हणजे तिथेही मी ‘हो हो, छान ऐकू येतंय’ असंच म्हणून आलो होतो.

सभागृहात जमिनीखालून तारेचं वेटोळं घालता येतं. मग माइकमधला आवाज, यंत्रात सोय असेल तर, थेट कानात येतो, घुमणारी भिंत मध्ये येत नाही. ते बसवावं असा प्रस्ताव मी दिला. या वेळी कारण लिहिताना ‘काही सदस्यांना’ असं लिहिलं, मग खोडून ‘मला’ असं लिहिलं. एका शब्दाला अर्धा तास लागला. बैठकीत तो वाचून झाल्यावर आणखी तिघांनी ‘मलाही’ म्हटलं. त्यातले एक नव्या माइकच्या ठरावाचे अनुमोदक होते. मावश्यांच्या खुर्च्यांचा विषयही मी काढला. तो पुढच्या बैठकीवर गेला आहे. मी जोर लावला असता तर त्याच दिवशी सुटला असता. जोर मी वेटोळ्यावर खर्च केला, कारण ते माझ्या कानासाठी होतं. हे मला त्याच रात्री जाणवलं, पण ठराव रात्री होत नसतात.

मग एका गुरुवारी, व्याख्यान खगोलशास्त्रावर होतं, मी हात वर केला आणि म्हणालो, ‘मघाचा तो मुद्दा मला कळला नाही. परत सांगाल का?’ एवढंच. पुस्तकाचं नाव नाही, अभिनंदन नाही. वक्ते फळ्याकडे वळले आणि वेगळ्या तऱ्हेनं समजावू लागले. तेही मला पुरतं कळलं नाही, पण कुठे अडतंय ते कळलं. त्यानंतर तीन-चार जणांनी खरे प्रश्न विचारले. मला बरं वाटलं. आणि लगेच दुसरं काहीतरी वाटलं: सुरुवात मी केली. म्हणजे नम्रतेतही पहिला नंबर हवाच! या मनाचं करायचं काय? त्याला पूर्ण शुद्ध झाल्यावर शिकायला बसवायचं म्हटलं तर आयुष्य पुरायचं नाही, आणि आता फार उरलेलंही नाही. तेव्हा आहे त्या मनानं बसायचं, इतपत मी सध्या येऊन पोचलो आहे.

मंगळवारी मी पुन्हा मोडीच्या वर्गाला जाऊ लागलो आहे. डोळ्यांचं काय झालं, असं शिकवणाऱ्या गृहस्थांनी विचारलं नाही, नवी आखीव वही पुढे ठेवली. रेघ आता आधी मारतो. काकू अजून माझ्या बऱ्याच पुढे आहेत. मी अडलो की आधी त्यांच्याकडे न बघता पाच मिनिटं झगडतो, मग विचारतो. त्या पटकन सांगतात, आणि दर वेळी मला थोडा राग येतो. तो कमी झाला आहे असं लिहिलं तर वाचायला बरं वाटेल, पण ते खरं नाही. राग येतो, मी शब्द लिहून घेतो, आणि पुढच्या ओळीला लागतो.